कोमेजण्याचा निरोप अडवताना

कार्नेशनचे फूल दांडीसकट कापले की त्याचा मुळांशी असलेला संबंध तुटतो, पण फूल त्या क्षणी मरत नाही. पाकळ्यांतल्या पेशी जिवंत असतात, त्यांचे श्वसन चालू असते आणि दांडीतून पाणी वर चढत असते. अशी दांडी स्वच्छ पाण्यात, मध्यम उजेडाच्या खोलीत ठेवली तर पहिले चार-पाच दिवस फूल जसेच्या तसे राहते. मग पाकळ्यांच्या कडा आत वळू लागतात, मधला भाग निस्तेज होतो आणि दिवसभरात सपाट पसरलेले फूल पेल्यासारखे मिटते. या वेळी फुलदाणीतले पाणी संपलेले नसते. दांडी ताठ असते, पाने हिरवी असतात, कोमेजलेल्या असतात त्या फक्त पाकळ्या. तहानेने मान टाकलेल्या फुलाची ही लक्षणे नाहीत.

कोमेजणे हे अशा फुलात वनस्पतीने स्वतः सुरू केलेले आणि शिस्तीत पार पाडलेले काम असते. ते सुरू करण्याचा निरोप इथिलीन नावाचे एक संप्रेरक देते. हा निरोप पाकळ्यांच्या पेशींपर्यंत पोहोचण्याआधी अडवला, तर तेच कार्नेशन त्याच पाण्यात साधारण दुप्पट दिवस टवटवीत राहते. फुलांच्या जागतिक व्यापारात गेली चार दशके वापरात असलेल्या एका महत्त्वाच्या तंत्राचा पाया एवढाच आहे.

गॅसच्या दिव्यांपासून प्रयोगशाळेपर्यंत

इथिलीन हा साधा वायू आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. वनस्पतींची इतर बहुतेक संप्रेरके पेशीरसात विरघळून एका भागातून दुसऱ्या भागात जातात. इथिलीन मात्र हवेतून पसरते, त्यामुळे एका फुलातून निघालेला निरोप शेजारच्या फुलालाही पोहोचतो.

या वायूची ओळख फुलांमुळे नव्हे, रस्त्यावरच्या दिव्यांमुळे झाली. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतली शहरे कोळशापासून काढलेल्या गॅसने उजळत होती. जमिनीखालच्या गॅसनळ्या गळत तिथली झाडे अवेळी पाने गाळत. या गोष्टीची नोंद १८६४ मध्येच झाली होती. गॅसमधला नेमका कोणता घटक हे करतो, हे रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये दाखवले. प्रयोगशाळेतल्या अंधारात वाढवलेले वाटाण्याचे कोंब सरळ न वाढता आखूड, जाड आणि आडवे होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. बाहेरची मोकळी हवा मिळालेले कोंब मात्र सरळ वाढत. खोलीतल्या दिव्याच्या गॅसमधले घटक वेगळे करून तपासल्यावर दोष इथिलीनचा ठरला.

कार्नेशनचा या कथेत प्रवेश झाला तो शिकागोमध्ये. तिथल्या फूलउत्पादकांच्या काचगृहांत उमललेली कार्नेशन एकाएकी मिटत आणि कळ्या न उमलताच राहत. फुलांना ‘झोप लागते’ असे उत्पादक म्हणत. शिकागो विद्यापीठातले विल्यम क्रॉकर आणि ली नाइट यांनी १९०८ मध्ये या झोपेचे कारण इथिलीन असल्याचे दाखवून दिले. हवेच्या वीस लाख भागांत या वायूचा एक भागही उमललेले कार्नेशन मिटवायला पुरेसा होता. त्या काळी एवढे सूक्ष्म प्रमाण मोजणारे उपकरण हाताशी नव्हते. गळणारा गॅस माणसाच्या नाकाला कळण्याआधी फुलाला कळत होता.

तोवर इथिलीन हा वनस्पतीला बाहेरून होणारा उपद्रव मानला जाई. ब्रिटनमधल्या रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये पिकणाऱ्या सफरचंदांतून इथिलीन बाहेर पडते, म्हणजेच वनस्पती ते स्वतः तयार करतात, हे सिद्ध केले. मराठी घरांत हे ज्ञान दुसऱ्या रूपाने पूर्वीपासून होते. आंब्याची अढी घालताना कैऱ्या पेंढ्यात दाबून ठेवतात, कारण मोकळ्यावर त्या एकसारख्या पिकत नाहीत. पेंढ्यात ऊब टिकते आणि फळांतून निघणारे इथिलीनही कोंडून राहते. एक फळ पिकू लागले की त्याचा वायू बाकीच्यांना पिकायला लावतो. कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकवण्यावर भारतात बंदी आहे. त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू काहीसा इथिलीनसारखे काम करतो, म्हणून तो गैरमार्ग चालतो. आंब्याला हवाहवासा असलेला हा वायू कापलेल्या फुलाच्या मात्र मुळावर उठतो.

एका फुलात घडते ते

पेशीत इथिलीन तयार होते ते मेथिओनिन या अमिनो आम्लापासून. मेथिओनिनचे आधी एका सक्रिय रूपात रूपांतर होते, त्यापासून एसीसी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे संयुग बनते आणि एसीसीपासून इथिलीन. या साखळीतला एसीसी हा हरवलेला दुवा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शांग फा यांग आणि डग्लस ॲडम्स यांनी १९७९ मध्ये शोधला. साखळीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर दोन विकरे काम करतात: एक एसीसी घडवते, दुसरे त्याचे इथिलीन करते. ही दोन्ही विकरे फुलात सतत भरपूर नसतात. वेळ आली की त्यांची जनुके जागी होतात.

वेळ कधी येते, हे बहुतेकदा फुलाच्या मध्यभागी ठरते. कार्नेशनमध्ये परागकण कुक्षीवर पडले की काही तासांत स्त्रीकेसरातून इथिलीन निघू लागते. ते पाकळ्यांपर्यंत पोहोचते आणि पाकळ्याही इथिलीन तयार करू लागतात. इथिलीनच इथिलीनची निर्मिती वाढवते. गवताच्या गंजीला एका बाजूने ठिणगी लागावी आणि पुढे आगीनेच आग पसरावी, तसे हे घडते. परागण झाले नाही तरी वय वाढल्यावर हीच साखळी उशिराने सुरू होते. फुलदाणीतल्या कार्नेशनमध्ये सहसा हेच होते.

निरोप मिळाल्यावर पाकळीत मोडतोड सुरू होते. पेशींची पटले गळकी होतात, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले तुटतात, साखर बाहेर पडते. सुट्या झालेल्या या पोषकांचा मोठा हिस्सा फुलाच्या तळाशी असलेल्या अंडाशयाकडे जातो. मिटलेले कार्नेशन हाताने उकलून पाहिले तर पातळ, मऊ पडलेल्या पाकळ्यांच्या आत अंडाशय मात्र फुगलेला आणि हिरवा दिसतो. फुलाच्या दृष्टीने हा तोटा नाही. पाकळी ही कीटकाला बोलावण्यासाठी उभारलेला मांडव असते. परागण झाल्यावर, किंवा त्याची वेळ टळून गेल्यावर, मांडव उतरवून त्यातला माल बीज घडवण्याकडे वळवणे वनस्पतीच्या फायद्याचे असते. माणसाला मात्र मांडवच हवा असतो.

ऑर्किडमध्ये हा प्रकार अधिक ठळक दिसतो. परागण न झालेले फॅलिनॉप्सिसचे फूल झाडावर कित्येक आठवडे, कधी महिन्यांपर्यंत टिकते. परागण झाले की तेच फूल एक-दोन दिवसांत मान टाकते. हाताळताना धक्का लागून ऑर्किडच्या परागपुंजावरची टोपी निघाली, तरीही इथिलीन सुटते. ऑर्किडची पेटी भरणारे हात जपून काम करतात ते यामुळेच.

निरोप ऐकणारा ग्राही

इथिलीन हवेत असणे पुरेसे नाही. ते पेशीला कळले पाहिजे. हे कळण्याचे काम ग्राही प्रथिने करतात. त्यांचा शोध लागला तो मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस नावाच्या लहानशा रोपट्यात. इथिलीन दिले की अंधारात वाढणारे त्याचे कोंब आखूड आणि जाड होतात. १९८८ मध्ये अँथनी ब्लीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हजारो कोंबांच्या गर्दीत एक उत्परिवर्तित वाण सापडले. भोवतालचे सगळे कोंब खुजे झालेले असताना याचे कोंब उंचच उंच वाढत होते, म्हणजे इथिलीनच्या बाबतीत ते बहिरे होते. त्या बहिरेपणामागचे ईटीआर-१ हे जनुक कॅरेन चँग, ब्लीकर, एलियट मायेरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वेगळे केले. वनस्पती-संप्रेरकाचा इतका स्पष्टपणे ओळखला गेलेला हा पहिला ग्राही. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये असे पाच ग्राही आहेत. इथिलीन जिथे येऊन बसते त्या खाचेत तांब्याचा आयन असतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले.

या ग्राहीची कामाची रीत उलटी आहे, आणि पुढचे सगळे उपाय समजण्यासाठी तीच ध्यानात घ्यावी लागते. ग्राही रिकामा असताना गप्प नसतो. तो सतत ‘थांबा’ असा हुकूम देत असतो आणि त्या हुकमाने कोमेजण्याचा कार्यक्रम दाबून धरलेला असतो. इथिलीन येऊन तांब्याला चिकटले की ग्राही गप्प होतो. हुकूम बंद पडला की पेशीच्या केंद्रकापर्यंत संदेश जातो आणि कोमेजण्याची जनुके चालू होतात. धरणाच्या दाराशी राखणदार उभा असावा आणि तो झोपला की दार उघडावे, तशी ही योजना आहे. तेव्हा फूल टिकवायचे तर राखणदाराला हटवून चालत नाही, तो जागाच राहील असे पाहावे लागते.

चांदीचे पाणी

निरोप अडवण्याच्या दोन जागा आहेत: निरोप तयार होतो ती, आणि तो ऐकला जातो ती. पहिल्या जागेवरचे उपाय आधीपासून माहीत होते. अमिनोऑक्सिॲसेटिक आम्लासारखी रसायने एसीसी घडवणाऱ्या विकराला रोखतात, त्यामुळे फूल स्वतः इथिलीन बनवू शकत नाही. पण शेजारच्या पेटीतल्या केळ्यांतून, वाहनांच्या धुरातून, सडणाऱ्या पानांतून किंवा बुरशी लागलेल्या कळीतून आलेल्या इथिलीनपुढे असे फूल उघडे पडते. त्याचे कान शाबूत असतात, आणि बाजारात ते जिथून जाते तिथे हा वायू हमखास असतो. म्हणून दुसऱ्या जागेवरचा उपाय अधिक भरवशाचा ठरला.

तो सापडला चांदीत. अमेरिकेतले एल्मो बेयर यांनी १९७६ मध्ये दाखवले की चांदीच्या आयनांचा फवारा दिलेल्या वनस्पती इथिलीनला प्रतिसाद देत नाहीत. चांदीचा आयन ग्राहीमधल्या तांब्याची जागा घेतो. तिथे इथिलीन बसू शकते, पण बसूनही ग्राही गप्प होत नाही. राखणदार जागाच राहतो.

व्यवहारात मात्र अडचण होती. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात दांडी ठेवली तर चांदीचे धन आयन पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांच्या भिंतींना चिकटतात, दिवसाकाठी काही सेंटिमीटरच वर सरकतात आणि फुलापर्यंत पोहोचतच नाहीत. नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथील संशोधकांनी १९७८ मध्ये त्यावर तोड काढली. सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम थायोसल्फेट एकत्र केले की चांदीभोवती थायोसल्फेटचे वेष्टन बसते. या संयुगावर ऋण भार असल्याने ते नलिकांच्या भिंतींना चिकटत नाही आणि पाण्याबरोबर सरळ वर चढून काही तासांच्या आत फुलात पोहोचते. हेच सिल्व्हर थायोसल्फेट, फूलव्यवसायातले एसटीएस.

त्याचे द्रावण करण्याची पद्धत साधी, पण काटेकोर आहे. दोन्ही क्षार वेगवेगळ्या भांड्यांत शुद्ध पाण्यात विरघळवतात. रेणूंच्या हिशेबाने चांदीच्या एका भागाला थायोसल्फेटचे चार भाग घेतात. मग थायोसल्फेट ढवळत राहून त्यात चांदीचे द्रावण हळूहळू ओततात. क्रम उलटा झाला किंवा घाई झाली तर चांदीचा गढूळ, काळसर साका खाली बसतो आणि द्रावण वाया जाते. काढणी झालेल्या दांड्या तीव्र द्रावणात थोडा वेळ किंवा सौम्य द्रावणात रात्रभर ठेवतात. शेतकी भाषेत याला पल्सिंग म्हणतात. त्यानंतर दांड्या साध्या पाण्यात हलवल्या तरी चांदी फुलातच राहते आणि प्रक्रिया एकदाच करणे पुरते. मात्रा जास्त झाली तर पाकळ्यांच्या कडा आणि पाने करपतात.

कार्नेशनवर याचा परिणाम इतका ठळक होता की नेदरलँड्समधल्या फूल-लिलाव संस्थांनी कार्नेशन व तशाच संवेदनशील फुलांना विक्रीपूर्वी अशी प्रक्रिया सक्तीची केली. एसटीएस दिलेले कार्नेशन शेवटी मरते तेही वेगळ्या रीतीने: पाकळ्या मिटत नाहीत, त्या उघड्याच राहतात आणि कडेपासून हळूहळू सुकून तपकिरी होतात.

चांदीचा दोष असा की ती जड धातू आहे. वापरून झालेले द्रावण गटारात किंवा शेतात ओतले तर ती माती-पाण्यात साचते आणि पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना व माशांना घातक ठरते. म्हणून द्रावणातली चांदी साक्याच्या रूपात वेगळी करून जमा करावी लागते. याच काळजीतून पुढचा शोध सुरू झाला.

तांब्यावर बसणारा परका

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात एडवर्ड सिस्लर यांनी इथिलीनची जागा अडवणाऱ्या रेणूंचा माग अनेक वर्षे काढला. पहिल्या रेणूंपैकी एक काम करत असे, पण त्याला असह्य दुर्गंधी होती आणि तो सतत हवेत ठेवावा लागे. दुसऱ्या एका संयुगावर प्रकाश पाडला की त्याचा परिणाम कायम टिकत असे, पण ते साठवणे स्फोटाच्या भीतीमुळे धोक्याचे होते. प्रकाशाने तुटल्यावर त्यापासून नेमके काय तयार होते, याचा शोध घेता घेता सिस्लर तीन कार्बनच्या ताणलेल्या कड्याच्या संयुगांकडे वळले. त्यांतला सर्वांत उपयुक्त ठरला तो १-मेथिलसायक्लोप्रोपीन, म्हणजे १-एमसीपी. सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांना त्याचे पेटंट १९९६ मध्ये मिळाले. अमेरिकेत १९९९ मध्ये फुलांसाठी आणि त्यानंतर काही वर्षांत सफरचंदासारख्या फळांसाठी त्याचा वापर सुरू झाला.

१-एमसीपी ग्राहीतल्या तांब्यावर इथिलीनपेक्षा सुमारे दहापट घट्ट बसतो. इथिलीन येते आणि सुटून जाते. हा परका मात्र बसला की सहसा उठत नाही. त्याच्या बसण्याने ग्राही गप्पही होत नाही. खाच भरलेली असते आणि ‘थांबा’ हा हुकूम चालूच राहतो. हवेच्या एक अब्ज भागांत काही शे भाग एवढी मात्रा पुरते. हा वायू असल्याने फुले बुडवावी लागत नाहीत. ॲल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यासारख्या रेणूत तो कोंडून त्याची पूड करतात. पुडीत पाणी घातले की वायू सुटतो. फुले बंद खोलीत किंवा कंटेनरमध्ये साधारण सहा तास ठेवून नंतर हवा खेळती केली की काम होते. द्रावण उरत नाही, धातू उरत नाही, फुलावरचा अंशही नगण्य असतो.

तरी त्याला मर्यादा आहे. १-एमसीपी प्रक्रियेच्या वेळी असलेल्या ग्राहींनाच अडवतो. पुढच्या काही दिवसांत पेशी नवे ग्राही घडवते आणि ते इथिलीनला ऐकतात. दांडीवर बऱ्याच कळ्या असून त्या एकेक करून उमलणार असतील, तर उशिरा उमललेल्या कळ्यांना त्याचे संरक्षण कमी मिळते. चांदी मात्र फुलात साठून राहते आणि नव्या ग्राहींनाही लागू पडते. म्हणून काही फुलांत जुनी चांदीच सरस ठरते. थंड हवेत १-एमसीपी ग्राहीवर सावकाश बसतो, त्यामुळे प्रक्रिया सामान्य तापमानाला करून नंतर फुले शीतगृहात नेणे हिताचे असते.

सगळ्या फुलांना एकच औषध नाही

इथिलीनचा निरोप अडवण्याचा उपाय त्याच फुलांत चालतो, जी फुले इथिलीनच्या निरोपाने कोमेजतात. कार्नेशन, ऑर्किडचे बहुतेक प्रकार, डेल्फिनियम, जिप्सोफिला, ॲल्स्ट्रोमेरिया, स्वीट पी आणि डॉग फ्लॉवर ही या गटात येतात. लक्षणे निरनिराळी असतात. कार्नेशन मिटते, डेल्फिनियम आणि डॉग फ्लॉवरच्या ताज्या पाकळ्या गळून पडतात, ऑर्किडचे फूल मान टाकते.

शेवंती, जरबेरा आणि सूर्यफूल यांची फुले इथिलीनकडे जवळजवळ लक्षच देत नाहीत. ग्लॅडिओलस, ट्युलिप आणि आयरिस यांच्या पाकळ्यांचेही बहुतांशी तसेच आहे. त्यांच्या पाकळ्या कोमेजतात, पण त्यामागचा निरोप दुसरा असतो. महाराष्ट्रातल्या हरितगृहांत जरबेरा मोठ्या प्रमाणावर होतो. त्याला चांदीचे पाणी पाजणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. जरबेराचा खरा शत्रू आहे दांडीतले जिवाणू. पाण्यात वाढलेले जिवाणू कापलेल्या टोकाच्या नलिका बुजवतात आणि फुलाच्या वजनाने पोकळ दांडी फुलाखालीच वाकते.

गुलाब या दोन्हींच्या मधला आहे. काही वाणांना इथिलीनचा त्रास होतो, काहींना जवळपास होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या मावळ-तळेगाव पट्ट्यातून फेब्रुवारीत परदेशी जाणाऱ्या गुलाबांच्या बाबतीत नलिकांत अडकलेली हवा, जिवाणू, बोट्रायटिस बुरशी आणि शीतसाखळीतला खंड हे धोके मोठे असतात. वाणाची संवेदनशीलता तपासल्याशिवाय गुलाबाला इथिलीन-रोधक देण्यात अर्थ नसतो.

पाने पिवळी पडणे हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर दुसरी संप्रेरके कामी येतात. ॲल्स्ट्रोमेरिया आणि लिलीच्या दांडीवर फूल ताजे असताना खालची पाने पिवळी पडतात. पानांतले जिबरेलिन आणि सायटोकायनिन ओसरल्याचा तो परिणाम असतो. तिथे निरोप अडवायचा नसतो, हरवलेला निरोप पुरवायचा असतो. म्हणून या फुलांच्या द्रावणात जिबरेलिन किंवा सायटोकायनिन घालतात. इथिलीन-रोधक आणि ही संप्रेरके एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

बियाण्यातूनच आलेला टिकाऊपणा

दर खेपेला रसायन देण्यापेक्षा फूल मुळातच इथिलीनला बहिरे करावे, ही कल्पना ईटीआर-१ सापडल्यावर लगेच सुचली. ॲरॅबिडॉप्सिसमधले बदललेले जनुक पेट्युनियात घातल्यावर तिची फुले कितीतरी जास्त दिवस टिकली; हा प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कार्नेशनमध्येही तसेच दिसले. पण सबंध झाड बहिरे केल्याची किंमत मोजावी लागली: अशा पेट्युनियाच्या कलमांना मुळे नीट फुटत नव्हती. इथिलीन हा फुलाचा शत्रू असला, तरी झाडाला तो मुळे फुटण्यापासून रोगाशी झुंजण्यापर्यंत अनेक ठिकाणी लागतो. म्हणून निरोप फक्त पाकळ्यांतच अडवला जावा, अशी रचना करण्याकडे संशोधन वळले.

जपानमध्ये दुसरा, सावकाशीचा मार्ग घेतला गेला. तिथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९९२ पासून कार्नेशनची झाडे निवडून त्यांचे आपसांत संकर केले आणि प्रत्येक पिढीत फुलदाणीत सर्वाधिक टिकणारी झाडे ठेवली. जनुकांना हात न लावता ‘मिरॅकल रूज’ आणि ‘मिरॅकल सिंफनी’ ही वाणे मिळाली. जुन्या ‘व्हाइट सिम’ वाणाच्या सुमारे तिप्पट दिवस ती टिकतात. त्यांची फुले इथिलीन फारच कमी बनवतात.

इथिलीनला न जुमानणाऱ्या फुलांचे कोडेही उलगडू लागले आहे. जपानी मॉर्निंग ग्लोरी सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये तिच्यातले एक जनुक दाबल्यावर फूल दुसऱ्या दिवशीही उमललेले राहिले. त्याच वेलीवर काल उमललेली आणि आज उमललेली फुले शेजारी शेजारी दिसू लागली. शेवंती-लिलीसारख्या फुलांसाठी अशाच वेगळ्या दुव्यांचा शोध चालू आहे.

काढणीपासून फुलदाणीपर्यंत

इथिलीन-रोधकाने फूल अमर होत नाही; ते फक्त एक कारण बाजूला करते. बाकीची कारणे तशीच राहिली तर उपाय फुकट जातो. म्हणून उत्पादकाच्या हातात कामांचा एक क्रम असतो. काढणी सकाळच्या गारव्यात करायची. दांड्या लगेच स्वच्छ पाण्यात ठेवायच्या. संवेदनशील फूल असेल तर त्याच दिवशी एसटीएस किंवा १-एमसीपीची प्रक्रिया करायची. मग कार्नेशन-गुलाबासारखी फुले शून्याच्या जवळच्या थंडीत ठेवायची. थंडीत फूल इथिलीन कमी बनवते आणि त्याला प्रतिसादही कमी देते. उष्ण प्रदेशातल्या ऑर्किड आणि अँथुरियमला मात्र इतकी थंडी बाधते. त्यांना दहा-तेरा अंश सेल्सिअसच मानवते. फुलांच्या शीतगृहात फळे ठेवायची नाहीत, कुजलेली पाने आणि बुरशी लागलेल्या कळ्या तिथून रोज काढायच्या आणि हवा खेळती ठेवायची.

घरी याची सोपी आवृत्ती पुरते. दांडीचे टोक धारदार सुरीने तिरके कापावे, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे. फुलदाणी पिकलेली केळी, आंबे किंवा सफरचंदे ठेवलेल्या टोपलीपासून दूर ठेवावी. स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर फळे आणि कार्नेशन ठेवली तर फळे फुलांना लवकर मिटवतात. फूलवाल्याने एसटीएस दिलेली फुले असतील तर ती हा त्रास सहन करतात. प्रक्रिया न झालेली फुले करत नाहीत. फुले घेताना ती संवेदनशील प्रकारची आहेत का आणि त्यांच्यावर प्रक्रिया झाली आहे का, हे फूलवाल्याला जरूर विचारावे.

यात वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. सगळे इथिलीन-रोधक निरोप पोहोचण्यापूर्वी काम करतात, पोहोचल्यानंतर नाही. काढणीच्या दिवशी दिलेले चांदीचे थोडे पाणी कार्नेशनला आठवडाभर जास्त जगवू शकते. पाकळीची कड एकदा आत वळल्यावर दिलेले कितीही पाणी ती कड पुन्हा उलगडू शकत नाही.